ड्रायव्हरवरून चेंडू ठरवू नये: हँडिकॅप 3 असलेल्या खेळाडूचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या गोल्फ खेळाडूचा हँडिकॅप 3 आहे, म्हणजे हौशींमध्ये तो बराच वरच्या दर्जाचा (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) मारताना क्लबहेडचा वेग ताशी 105 मैलांच्या आसपास, आयर्नवर (मधल्या अंतराच्या क्लबवर) हात बसलेला, हौशी स्पर्धांत नियमित उतरणारा. माझ्याकडे आला तो निदान आणि औषध दोन्ही ठरवूनच. "सर, बॉल बदलायचाय. ड्रायव्हरला स्पिन फार होतेय. बॉल वर चढतो आणि वाऱ्यात तिथल्या तिथे मरतो."

त्याच्या बॅगेत होता तो टणक, उंच उडणारा, भरपूर स्पिन (उलटी फिरकी) देणारा टूर चेंडू, म्हणजे व्यावसायिकांच्या दर्जाचा. याला 'अ' म्हणू. त्याच्या डोक्यात होता तो मऊ, कमी स्पिनचा 'क'. चाचणीसाठी मी दोघांच्या मधला, जरा खालून उडणारा 'ब' घेतला. तिन्ही चेंडू युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचे, तिन्ही मान्यताप्राप्त यादीतले. मॉडेलांची नावं मुद्दाम देत नाही. मोठ्या कंपन्या दोन-एक वर्षांनी मॉडेल बदलतात, नाव तेच राहतं आणि आतला चेंडू वेगळा होतो. शिवाय नाव दिलं की वाचणारा नाव उचलतो आणि पद्धत तिथेच सोडून देतो.

'क'वर त्याचं मन बसायचं कारणही होतं. एका बंदिस्त बेमध्ये (जाळीसमोर फटके मारायच्या जागेत), रडारच्या यंत्रावर त्याने दोन्ही चेंडू मारून पाहिले होते आणि 'क' आठ-नऊ यार्ड लांब जातोय असं पडद्यावर दिसलं होतं. इथे पहिली शंका. रडारला स्पिन नीट मोजायची तर चेंडूचं उड्डाण बऱ्यापैकी लांबपर्यंत दिसावं लागतं. चार-पाच मीटरवर जाळी असेल आणि चेंडूवर धातूची खूण नसेल, तर यंत्र स्पिनचा बराचसा अंदाजच बांधतं. कॅमेऱ्याची यंत्रं चेंडूवरच्या खुणा टिपून स्पिन मोजतात, त्यामुळे बंदिस्त जागेत ती जास्त भरवशाची. आम्ही पुढचं सगळं उघड्या मैदानावर, गवतावरून आणि नव्या चेंडूंनी केलं. रेंजवरच्या चेंडूंनी अशी चाचणी करण्यात काही अर्थ नसतो. त्यांचं आवरण वेगळं, गाभा वेगळा आणि वयही वेगवेगळं.

फटके नेमके कुठे जात होते

चाचणीआधी मी त्याची अलीकडची स्कोअरकार्डं मागितली. प्रत्येक होलवरचे फटके कसे पडले हे तो लिहून ठेवतो, ही फार चांगली सवय. त्या नोंदींत ड्रायव्हर जवळपास निर्दोष निघाला. नुकसान दोन ठिकाणी होतं. समोरच्या वाऱ्यात सहा-सात नंबरचं आयर्न ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) अलीकडे पडत होतं. आणि साठ यार्डांच्या आत, विशेषतः पिन (होलमधला झेंडा) ग्रीनच्या पुढच्या भागात असेल तेव्हा, एक पिच (ग्रीनकडचा छोटा, उंच फटका) दुसऱ्या टप्प्यावर थबकायचा आणि अगदी तसाच दुसरा पिच सात-आठ पावलं पुढे घरंगळायचा.

घरंगळणाऱ्या पिचचा दोष तो 'अ'ला देत होता, आणि त्यावर उपाय म्हणून त्याहून कमी स्पिनचा चेंडू मागत होता! हे त्याला दाखवल्यावर तो हसला, पण हट्ट सोडला नाही. "तिथे मी हाताने सांभाळून घेईन सर. लांबी मात्र बॉलच देतो."

या वाक्यात बरंच काही दडलेलं आहे. लांबी किंवा स्पिन, दोन्हींतलं एकच मिळणार, ही समजूत एकेकाळी खरी होती. चांगले खेळाडू तेव्हा बालाटाच्या मऊ आवरणाचा, आत रबरी धागा गुंडाळलेला चेंडू वापरत. तो ग्रीनवर छान थांबायचा, पण ड्रायव्हरवरही बेसुमार फिरायचा आणि वेज (छोट्या फटक्यांचा, तिरक्या तोंडाचा क्लब) जरा पातळ लागली तर चिरायचा. दुसरीकडे कडक आवरणाचा दोन थरांचा चेंडू होता. लांब जायचा, टिकायचा, ग्रीनवर मात्र ऐकायचा नाही. 2000 साली हे चित्र पालटलं. त्या वर्षी टायगर वूड्स घन गाभ्याच्या, बहुथरी चेंडूने यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकला. ऑक्टोबरमध्ये टायटलिस्टचा प्रो व्ही1 लास वेगासच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला आणि त्याच आठवड्यात 47 खेळाडूंनी तो हातात घेतला. गुंडाळीचे चेंडू त्यानंतर टूरवरून झपाट्याने नाहीसे झाले.

नव्या रचनेतली गोम अशी की ड्रायव्हर आणि वेज एकाच चेंडूच्या वेगवेगळ्या भागांशी बोलतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट (तोंडाचा तिरकेपणा) कमी, वेग जास्त. चेंडू गाभ्यापर्यंत दबतो आणि सेकंदाच्या साधारण दोनहजाराव्या भागात सुटतो. मध्याशी मऊ आणि बाहेर कडक होत जाणारा गाभा तिथे स्पिन कमी ठेवतो. वेजचा मार तिरका आणि हळू असतो, गाभ्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. तिथे पातळ युरेथेनचं आवरण वेजच्या खाचा आणि आतला कडक थर यांच्यामध्ये चिमटलं जातं, आणि त्या पकडीतून उलटी फिरकी मिळते. म्हणूनच एकच चेंडू ड्रायव्हरवर शांत आणि वेजवर चावरा असू शकतो. तरीही दोन टूर चेंडूंत फरक उरतो, आणि तो शोधायचा तर फटका निवडून शोधावा लागतो.

चाळीस यार्डांवर

म्हणून सुरुवात चाळीस यार्डांच्या पिचने केली. मारायची जागा एक, पिन एक, चेंडूंचा क्रम मी मिसळलेला, आणि चेंडूवरचं नाव खाली वळवून मीच ठेवायचा. खेळाडूला कोणता चेंडू आहे ते कळू नये एवढाच हेतू. लोगो दिसला की हात आपोआप विश्वासाने किंवा संशयाने फिरतो.

पहिल्या फेरीत आकडे इतके विखुरले की तिन्ही चेंडूंत काही फरक आहे की नाही हेच सांगता येईना. एकाच चेंडूची स्पिन एका फटक्यात 4500 फेरे प्रतिमिनिट, पुढच्यात 6300. मग मी त्याची 58 अंशाची वेज उचलून उन्हात तिरकी धरली. फेसच्या (क्लबच्या तोंडाच्या) मधोमध, तळाकडच्या तीन-चार खाचांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. नख फिरवलं तर टाचेकडच्या खाचांत अडकत होतं, मधल्या खाचांवरून सरळ घसरत होतं. बंकरमधला सराव त्याचा भरपूर, आणि वाळू खाचांचं हेच करते. 2010 पासून नियमांनीच नव्या वेजच्या खाचांचं आकारमान आणि कडांची धार मर्यादित केली आहे. म्हणजे मुळातच धार कमी, त्यात ती झिजलेली. गवताचा ओला तुकडा मध्ये आला की चेंडू फेसवरून सरकायचा, वर निघायचा आणि फिरायचाच नाही.

त्याच लॉफ्टची, त्याच बाउन्सची (तळाच्या कोनाची) नवी वेज दिली आणि दर फटक्यानंतर फेस पुसायला लावला. विखुरलेपण निम्म्याहून कमी झालं आणि चेंडूंमधला फरक दिसायला लागला. 'अ' सरासरी 6400 च्या आसपास, 'ब' 6200, 'क' 5500. शिवाय 'क' फेसवरून जवळजवळ दीड अंश वर निघत होता. कमी पकड मिळाली की चेंडू फेसवर वर सरकतो आणि उंच निघतो, तेच इथे. त्याची स्वतःची फटक्यागणिक चढउतार आता साडेतीनशे फेऱ्यांची होती. 'अ' आणि 'ब' यांच्यातले दोनशे त्यात बुडून जातात. 'ब' आणि 'क' यांच्यातले सातशे बुडत नाहीत.

माझ्या मते चेंडू निवडताना पाहायची मुख्य गोष्ट हीच. दोन चेंडूंतला फरक खेळाडूच्या स्वतःच्या चढउतारापेक्षा मोठा आहे का? नसेल तर त्या फटक्यापुरते दोन्ही चेंडू एकच समजावेत, पडद्यावर दशांश चिन्हानंतर काहीही येवो.

फेस आणि चेंडू पाण्याने ओले करूनही थोडे फटके मारले. सगळ्यांचीच स्पिन जवळपास निम्म्यावर आली. सकाळच्या दवात वेज पुसायची सवय कोणत्याही चेंडूपेक्षा जास्त कामाची, एवढं त्याला तिथेच पटलं.

सात नंबरचं आयर्न

इथे लांबीपेक्षा उतरण्याचा कोन पाहायचा. रडार यंत्रं बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या) सरासरीत सात नंबरचा फटका 172 यार्ड कॅरी करायचा, म्हणजे हवेतून जायचा, स्पिन सुमारे 7100, आणि जमिनीवर 50 अंशांनी उतरायचा. हौशी खेळाडूचा वेग कमी, म्हणून उंची कमी आणि कोनही कमी. आपल्या खेळाडूचा 'अ' 49 अंशांनी उतरत होता, 'ब' 47 ते 48, 'क' 45. कॅरीमध्ये 'क' पाच यार्ड पुढे. कडक ग्रीनवर 45 अंश आणि कमी स्पिन म्हणजे चेंडू पहिल्या टप्प्यानंतर ग्रीन ओलांडायच्या बेतात. पिन मागे असेल तर चालून जातं, पुढे असेल तर नाही.

समोरून वारा घेऊन मारलं तेव्हा त्याच्या तक्रारीचं मूळ हाती लागलं. स्पिन म्हणजे उचल, आणि समोरच्या वाऱ्यात ती उचल वाढते. चेंडू चढतो, पुढचा वेग गमावतो आणि जवळजवळ सरळ खाली पडतो. 'अ' उंच निघणारा आणि जास्त फिरणारा, म्हणून सर्वांत जास्त मार त्यालाच. 'ब' त्याच वाऱ्यात चार-पाच यार्ड जास्त गेला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर वेळी साधारण तेवढाच गेला. 'क' आणखी थोडा पुढे पडला खरा, पण थांबण्याच्या बाबतीत जे गमावत होतो ते एवढ्याने भरून निघणारं नव्हतं.

खळग्यांबद्दल त्याने इथे विचारलं. "कमी खळगे म्हणजे खालून उडतो ना?" नुसत्या संख्येवरून काही सांगता येत नाही. खळग्यांमुळे चेंडूलगतच्या हवेचा थर खळबळतो, चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागची ओढ कमी होते. अगदी गुळगुळीत चेंडू त्याच फटक्याला जेमतेम निम्मं अंतर जातो. उंची ठरते ती खळग्यांची खोली, कडांचा उतार, मांडणी आणि चेंडूची स्पिन या सगळ्यांवर मिळून. खोकीवरचा आकडा वाचून उड्डाण कळत नाही.

आणि मग ड्रायव्हर

ड्रायव्हर मुद्दाम शेवटी ठेवला होता. 'अ'ची स्पिन 3050, 'ब' 2850, 'क' 2600. कॅरी अनुक्रमे 246, 249 आणि 252 यार्ड. म्हणजे बंदिस्त बेमधले आठ-नऊ यार्ड मैदानावर सहा झाले. त्याची स्वतःची फटक्यागणिक तफावत वर-खाली आठ यार्डांची. चेंडूचा वेग तर 'क'चाच किंचित कमी भरला, कारण मऊ गाभा या वेगाला थोडी ऊर्जा आतच खातो. 'क' पुढे जात होता तो वेगामुळे नव्हे, कमी फिरल्यामुळे.

मान्यताप्राप्त चेंडूंत लांबीचा मोठा चमत्कार संभवतच नाही, कारण नियमांनी वरची फळी बांधून ठेवली आहे. वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास 42.67 मिलीमीटरपेक्षा कमी नको, यंत्रावर सुरुवातीचा वेग सेकंदाला 250 फुटांपेक्षा, 2 टक्के सवलत धरून, जास्त नको. आणि 2004 पासून ताशी 120 मैलांच्या यांत्रिक फटक्याला एकूण अंतर 317 यार्ड, वर 3 यार्डांची सवलत. मोठ्या कंपन्यांचे टूर चेंडू या मर्यादेला टेकूनच बनतात. डिसेंबर 2023 मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी अंतराची मर्यादा तीच ठेवून चाचणीचा वेग 125 मैल करायचं जाहीर केलं. तेव्हा पुढचे चेंडू लांबीला थोडे आखूडच होतील.

मग त्याच्या ड्रायव्हरवर स्पिन इतकी का? फेसवर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारला आणि ठसे पाहिले. बहुतेक ठसे मध्याच्या खाली. ड्रायव्हरच्या फेसला वरून खाली फुगवटा असतो आणि डोक्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. चेंडू खाली लागला की स्पिन वाढते, वर लागला की घटते. दोन फटक्यांत एका सेंटीमीटरचा फरक पडला तरी स्पिन शेकड्यांनी हलते. त्यात तो ड्रायव्हर तीन अंश खाली उतरत्या वाटेने मारत होता. टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच केली, चेंडू डाव्या टाचेकडे सरकवला, ठसे मध्याच्या वर आले. 'ब' तोच, ड्रायव्हर तोच, आणि स्पिन 2500 वर. 'क'कडून जेवढं मागत होता त्याहून जास्त त्याला टीच्या उंचीने दिलं. ड्रायव्हरची स्पिन ड्रायव्हरनेच सोडवायची. त्यासाठी चेंडू बदलला तर बिल वेजला भरावं लागतं.

कॉम्प्रेशन, हाताला लागणं आणि टूर

"माझा वेग 105, मग कॉम्प्रेशन 90 च्या खालचा घ्यावा असं वाचलंय." हे त्याने मधेच काढलं, आणि पुष्कळांच्या तोंडी असतं. या वेगाला कोणताही चेंडू दबतोच. कॉम्प्रेशनचा आकडा मुख्यतः टणकपणा सांगतो, शिवाय सगळ्या कंपन्या तो एकाच पद्धतीने मोजत नाहीत, त्यामुळे दोन ब्रँडांचे आकडे शेजारी ठेवूनही फारसं काही हाती लागत नाही. आणि टूरकडे पाहिलं तर तिथे जवळपास सारख्याच वेगाचे खेळाडू एकाच कंपनीची दोन वेगळी मॉडेलं वापरतात. कुणाला आयर्न उंच हवं असतं, कुणाला वाऱ्याखाली ठेवायचं असतं. वेगावरून चेंडू ठरत असता तर असं दिसलं नसतं.

मऊपणाची गोष्ट पटिंगला (ग्रीनवर चेंडू होलकडे लोटताना) गमतीशीर झाली. नाव खाली ठेवून सहा फुटांवरून पट मारायला दिले आणि कानात बोळे घालायला सांगितले. तिन्हींतला सर्वांत टणक चेंडू त्याने दोनदा "हा मऊ वाटतो" म्हणून बाजूला काढला. बोळे काढल्यावर लगेच बरोबर ओळखले. मऊ म्हणजे बहुतेकदा कमी टकटकणारा. त्यात त्याच्या पटरच्या तोंडाला मऊ इन्सर्ट (बसवलेली पट्टी), म्हणजे आवाज आणखी दबलेला. हाताला काय आवडतं त्याला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. पटच्या वेगाचा अंदाज खेळाडू त्या आवाजावरच बांधतो, आणि न आवडणाऱ्या आवाजाचा चेंडू कुणी मनापासून खेळत नाही. पण तो निकष शेवटचा, बरोबरी झाली तर फासा टाकायला.

निर्णय

'ब' ठरला. पिचवर 'अ'एवढाच, वाऱ्यात 'अ'पेक्षा सरस, आयर्न ग्रीनवर धरून ठेवणारा, ड्रायव्हरवर टीच्या उंचीसकट पुरेसा शांत. नवी वेज त्याच दिवशी बॅगेत गेली.

त्याने शेवटचा डाव टाकला. "मग असं करू का सर, मागून वारा असलेल्या लांब होलवर 'क' काढतो, बाकी 'ब'?" दोन होलच्या मध्ये चेंडू बदलायला नियम मुळात मनाई करत नाहीत. पण बऱ्याच वरच्या स्पर्धांत एकच चेंडू वापरायचा स्थानिक नियम लागू असतो: फेरीभर ब्रँड तोच, मॉडेलही तेच. 2019 च्या मायाकोबा स्पर्धेत रसेल हेन्लीच्या हाती बॅगेतून चुकून त्याच मॉडेलची, बाजूला बारीक रेघ असलेली वेगळी आवृत्ती आली. चार होल तो तिने खेळला, नंतर स्वतःच अधिकाऱ्यांना सांगितलं आणि आठ दंडाचे फटके घेतले. 69 चे 77 झाले. जुने 'अ' चेंडू बॅगेच्या तळाशी ठेवून 'ब' खेळणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. आम्ही त्याची बॅग तिथेच रिकामी केली. खालच्या कप्प्यात तीन वेगवेगळ्या वर्षांचे 'अ' निघाले, एक तर कुणा दुसऱ्याच्याच खुणेचा.

स्पर्धेचं बंधन नसलं तरी मी नाहीच म्हटलं असतं. चाळीस यार्डांवरून चेंडू कुठे पडला की कुठे थांबेल हे अंगवळणी पडायला बराच सराव लागतो, आणि तो एकाच चेंडूवर होतो.

खरचटलेल्या चेंडूचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण युरेथेनच्या बाबतीत तो येतोच. पूर्ण वेजच्या फटक्यांनी आवरणावर केसाळ ओरखडे येतात. होल चालू असताना चेंडू चिरला किंवा तडकला असेल तरच बदलता येतो. नुसता खरचटला, रंग उडाला म्हणून नाही. होल संपल्यावर मात्र बदलावा. आपला खेळाडू एक चेंडू हरवेपर्यंत खेळायचा. आता ओरखडा नखाला लागला की तो सरावाच्या पिशवीत टाकतो.

पुढे स्पर्धांमधल्या नोंदी त्याने पाठवल्या. पिन पुढे असलेल्या पिचचा अंदाज स्थिर झाला आहे, वाऱ्यातलं आयर्न ग्रीनपर्यंत पोचतंय. यातलं किती श्रेय नव्या वेजचं आणि किती चेंडूचं हे वेगळं काढता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी बदलले. माझा कौल वेजकडे जास्त झुकतो. 'ब'चा आवाज त्याला अजूनही जरा कडकच वाटतो, आणि थंडीत तो जास्तच वाटणार, कारण गार गाभा कडक होतो आणि लांबीही थोडी घटते. त्यासाठी चेंडू बदलायचा नाही, खेळण्याआधी ते उबदार जागी ठेवायचे, एवढंच ठरलं आहे.

'ब'ची पुढची आवृत्ती आली की चाळीस यार्डांचा पिच आणि वाऱ्यातलं सात नंबर एवढंच पुन्हा मोजू. ड्रायव्हर त्या दिवशी गाडीतच राहील.